कान बघायचा दिवस

नाशकात तांबटांच्या आळीत खोली स्वस्त मिळते, हे गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक होते. कारणही ठाऊक होते. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत त्या आळीत तांब्यावर हातोडी पडत असे, आणि ती एका दुकानात नव्हे, दोन्ही बाजूंच्या प्रत्येक दुकानात. तिथे राहायला जाणारा माणूस एक तर तांबट असायचा, नाहीतर नडलेला. आम्ही नडलेले होतो. पण त्या वेळी मी हे कुणापाशी कबूल केले नसते.

माझे सासर पंचवटीतले. थोरले दीर तीर्थोपाध्याय. घरी बारा महिने यात्रेकरूंचा राबता, आणि यात्रेकरू म्हटले की पंगती. लग्न होऊन गेल्यापासून मी त्या घराची चूल सांभाळली. माझे यजमान मात्र घरच्या धंद्यात नव्हते. ते एका लहानशा छापखान्यात खिळे जुळवत, मुद्रिते तपासत, आणि संध्याकाळी काळी बोटे घेऊन घरी येत. दीर त्यांच्या बोटांकडे बघत आणि काही बोलत नसत. न बोलण्याची ती तऱ्हा मला बोलण्यापेक्षा झोंबे.

एकदा भर उन्हाळ्यात तिसरी पंगत बसली होती. मला चौथा महिना होता. कुणा पाहुण्याने वरण निवाले म्हणून वाटी परत पाठवली. मी पळी खाली ठेवली. म्हटले, मी आता या घरात परक्यांसाठी रांधणार नाही. सासूबाई माजघरातून म्हणाल्या, "बघू किती दिवस." मी म्हटले, "बघाच." माझा स्वभाव तसा आहे, तोंडातून शब्द गेला की मागे घेता येत नाही. पुढच्या पंधरवड्यात आम्ही एक ट्रंक, दोन वळकट्या आणि माहेरचा पितळी डबा घेऊन पूल ओलांडला आणि तांबटांच्या आळीत बिऱ्हाड केले. छापखान्याच्या पगारात दुसरीकडे कुठे बसलेच नसते.

खोली माडीवरची. खाली मालकांचे दुकान. दुकानात ऐरण, भाता, भट्टी, आणि चोवीस तास तांब्याचा एक आंबूस वास. हातोडी सुरू झाली की आमची जमीन थरथरे. फळीवरची भांडी आपोआप सरकत सरकत कडेला येत, आणि दिवसातून दोनदा त्यांना मागे ढकलणे हे माझ्या घरकामातले एक काम होऊन बसले. पहिला आठवडा मी कानात कापूस घालून काढला. दुसऱ्या आठवड्यात कापूस काढला, कारण मालकीणबाई माझ्या कापसाकडे बघून हसत होत्या, आणि हसलेले मला खपत नाही.

मालकीणबाईंना मी मावशी म्हणू लागले आणि मालकांना काका. मावशी पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाजाला खणखणीत. पहिल्या दिवशी त्या जिन्यातून ओरडल्या, "वैनी, चूल पेटली का?" मला वाटले भांडायला आल्या. पुढे कळले, त्या आळीत सगळेच असे बोलतात. नवरा-बायको, सासू-सून, देवाला मागणे मागणारा म्हातारा, सगळे वरच्या पट्टीत. हातोड्यांच्या वर आवाज चढवल्याशिवाय कुणाला काही ऐकूच जात नसे. पंचवटीत बायका दाराआड कुजबुजायच्या. इथे कुजबूज करणे शक्यच नव्हते, आणि खरे सांगायचे तर मला ते फार आवडले.

काका ठार बहिरे होते. दहा वर्षांचे असल्यापासून ऐरणीपुढे बसलेले. कान कधी गेले ते त्यांनाही सांगता येत नसे. मावशी त्यांच्याशी हाताने बोलत. खांद्यावर हात म्हणजे थांबा, कोपराला हात म्हणजे गिऱ्हाईक आले, पाठीवर थाप म्हणजे जेवायला चला. असे असून आळीत पहिला ठोका काकांचा. सकाळी त्यांची हातोडी पडल्याखेरीज कुणी सुरुवात करत नसे. घडवलेले भांडे पक्के व्हावे म्हणून त्यावर ओळीने, सारख्या जोराचे ठोके मारतात, त्याला मठारणे म्हणतात. त्यात काकांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी मठारलेला हंडा उन्हात धरला की सगळीकडून सारखा चमके.

मार्गशीर्षात माझी मुलगी त्याच खोलीत झाली. मावशींनी सुईण आणली, मावशींनीच पाणी तापवले. सासरहून कुणी आले ते बाराव्या दिवशी. पोर पहिल्या दिवसापासून त्या गोंगाटात गाढ झोपे. "हळू बोला, बाळ झोपलंय" हे वाक्य मला एकदाही उच्चारावे लागले नाही. शेजारच्या आळीतल्या बायका मुलांना थोपटून थोपटून थकत, आणि माझी पोर ऐरणीच्या बरोबर वर, पाळण्यात हातपाय सोडून पडलेली असे. मला त्याचा गर्व होता. हा माझा निर्णय कसा बरोबर ठरला ते मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

पुढचे वर्ष सिंहस्थाचे होते. श्रावणात पर्वणी होती आणि नाशकात माणूस मावेना. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जो तो स्नानाला येणार आणि जाताना तांब्याच्या गडूत पाणी भरून नेणार. ते गडू आमच्या आळीतून जायचे. आषाढापासूनच कुणाला मान वर करायला फुरसत नव्हती. तिकडे पंचवटीतही पंगती उठत नव्हत्या. सासूबाईंचे निरोपावर निरोप येऊ लागले, की नातीला घेऊन ये. निरोपात नात असे, पण त्यांना हवे होते ते माझे हात, हे न कळण्याइतकी मी भोळी नव्हते. तरी अधूनमधून जाऊन येत असे. पोर तिथे दुपारी अजिबात झोपत नसे. सारखी किरकिर. सासूबाई म्हणत, "आईचा हट्टीपणा उतरलाय."

अशाच एका दुपारी त्या पूजेची भांडी पुसत होत्या. पोर माझ्या मांडीवर, सात महिन्यांची, पदराचे टोक चघळत होती. सासूबाईंनी तिच्या पाठीमागे येऊन ताम्हणावर पळी हाणली. पोरीची पापणी लवली नाही. त्यांनी पुन्हा हाणली, जोरात. मी दचकले, पोर चघळत राहिली. मग सासूबाई माझ्याजवळ बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, हिला ऐकू येत नाही."

त्या चिडून म्हणाल्या असत्या तर मी चिडून उत्तर दिले असते. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मी म्हटले, "तिला सवय आहे आवाजाची," आणि पोरीला उचलून निघाले.  

घरी आल्यावर मी परात वाजवली. झाकणे आपटली. तिच्या मागे उभी राहून पितळी डब्यावर लाटणे मारले. काही नाही. यजमान आल्यावर त्यांनी मागून हाक मारली. एकदा तिने मान वळवली, दोनदा नाही. वळवली ती हाकेने की भिंतीवरच्या सावलीने, ते सांगता येईना. वैद्यांकडे नेले. त्यांनी घंटा वाजवली, पण तिच्या तोंडासमोर. पोरीने ती हिसकावून घेतली आणि तोंडात घातली. वैद्य म्हणाले, वर्षाची झाली की आणा.

रोज जिना उतरताना मला काका दिसत. आता मला त्यांच्याकडे बघवेना. माझ्या मनात एकच गोष्ट घोळे. पळी मी खाली ठेवली होती. मान माझा होता, आणि त्याच्यासाठी माझ्या पोरीचे कान गेले. मी आयुष्यात फार वेळा घाबरलेली नाही. तेव्हा घाबरले होते.

यजमान म्हणाले, "काही दिवस दादांकडे राहू. आवाजापासून लांब तरी जाईल." त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, म्हणूनच मला ते लागले. थोरल्या दिरांनी निरोप धाडला की गुरुवारी टांगा पाठवतो. उष्टावण पर्वणीनंतर तिकडेच करू असेही कळवले. मंगळवारी सकाळी मी ट्रंक भरायला काढली.

मावशी वर आल्या त्या पर्वणीच्या घाईतही माझ्यासाठी वाटीभर दही घेऊन. ट्रंक बघून त्यांनी भुवया उंचावल्या. मला सांगणे भाग पडले. आणि सांगणार कसे? खाली काकांची हातोडी, समोर दहा हातोड्या. जी गोष्ट मी नवऱ्यापाशीही अर्धीच बोलले होते ती मला छाती फुटेस्तोवर ओरडून सांगावी लागली. "माझ्या पोरीला ऐकू येत नाही!" समोरच्या दुकानातला माणूस मान वर करून बघू लागला.

मावशी म्हणाल्या, "कुणी सांगितलं?"

मी ताम्हणाचे, परातीचे, घंटेचे सगळे सांगितले. त्या ऐकता ऐकता हसायला लागल्या. मला इतका राग आला की दह्याची वाटी फेकावीशी वाटली.

"आवाजानं कान बघता व्हय?" त्या म्हणाल्या. "आवो, आळीत जल्मलेलं पोर हे. त्याला आवाज म्हंजे काय? काईच नाय. त्याचा कान बघायचा तर आवाज काढून घ्यायचा."

मग त्यांनी सांगितले. तांबटांच्या घरी मूल झाले की उष्टावणाआधी एके दुपारी त्याचे कान बघतात. मूल पाळण्यात झोपले की आळीतल्या सगळ्या हातोड्या एकदम थांबवायच्या. संध्याकाळी थांबतात तशा एकेक करून नव्हे, एकाच दमात. कान धड असले तर पोर दचकून उठते आणि टाहो फोडते. नसले तर झोपून राहते. त्यांच्या तिन्ही मुलांचे असेच बघितले होते.

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कधी इचारलं?" त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात कुसकेपणा नव्हता. "तुमच्यात कसं करत्यात आमाला काय ठाव. तुमचं पानी येगळं, तुमचं सणवार येगळं."

हे खरे होते. वर्ष होऊन गेले तरी मी आळीत राहत होते ती पाहुण्यासारखी. स्वस्त खोली तेवढी घेतली होती. आळीकडून दुसरे काही घ्यायचे नाही, मागायचे नाही, असा माझा बाणा. मी म्हटले, "मावशी, तुम्ही सांगा ना आळीत."

"मी नाय सांगनार. मूल तुमचं. आईनंच दारोदार जाऊन सांगायचं आसतं. मग थांबत्यात."

पर्वणी चार दिवसांवर आलेली. लोक जेवण सोडून गडू घडवत होते. अशा वेळी त्यांना हात थांबवा म्हणून कोण सांगणार? मी सांगितले. मंगळवारी दुपारी पदर खोचून आळीच्या एका टोकाला गेले आणि प्रत्येक दुकानासमोर उभी राहून ओरडले, "उद्या दुपारी माझ्या मुलीचे कान बघायचे आहेत! थांबाल का?" पहिल्या दुकानाशी माझा आवाज चिरकला. पाचव्या दुकानापर्यंत चांगला सुटला. कुणी नुसती मान हलवली. एकजण म्हणाला, "मग उद्या दुपारी भट्टीत काय टाकत नाय मी." एकजण तेवढा कुरकुरला, की या घाईत भाडेकरूच्या पोरीपायी काम ठेवायचे का. आतून त्याची बायको ओरडली, "पोरीचा कानबी भाडेकरू हाय का?" मी तोंडाने मागितलेले आणि लोकांनी दिलेले असे ते आयुष्यातले पहिलेच. मला वाटले होते त्याहून ते सोपे निघाले.

बुधवारी यजमान छापखान्यातून दुपारची रजा काढून आले. पावसाची भुरभुर होती. पोर दूध पिऊन पाळण्यात झोपली. मावशी आमच्या खिडकीत लाल लुगड्याचा तुकडा घेऊन उभ्या राहिल्या. आमचे घर आळीच्या मधोमध, तिथून दोन्ही टोकांना दिसे. पोर गाढ झोपल्याची खात्री करून घेतली आणि मी मान हलवली. मावशींनी फडके हलवले.

हातोड्या थांबल्या. दोन्ही टोकांच्या, समोरच्या, बाजूच्या. आळीचा असा आवाज बंद झालेला मी भर दुपारी कधी ऐकला नव्हता. कौलांवरचा पाऊस ऐकू आला. कुणीतरी खोकले ते ऐकू आले. पाळण्याची दोरी हातात धरून मी पोरीच्या तोंडाकडे बघत होते.

ती झोपलेलीच होती.

मी वाट बघितली. तिची छाती वर-खाली होत होती, ओठ जरासे उघडे. एक मूठ गालाशी. मावशींनी फडके खाली घेतले आणि पाळण्याजवळ आल्या. त्यांनी वाकून बघितले. त्यांचा चेहरा उतरताना मी पाहिला, आणि मला कळून चुकले. रडूही आले नाही. मनात एवढेच आले, ट्रंक अर्धी भरलेली आहे, उरलेली आता भरायची.

"पण," यजमान जिन्याच्या तोंडाशी उभे होते ते म्हणाले, "खाली हातोडी चालू आहे ना."

आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"काकांची," ते म्हणाले. "ऐकू येत नाही का तुम्हाला?"

मग ऐकू आली. आमच्या पायांखाली, सकाळपासून चालू होती तशी, एका लयीत. जमीन थरथरत होती. फळीवरची वाटी सरकत होती. मावशी चाळीस वर्षे त्या ठोक्याशी संसार करत आलेल्या, मी वर्षभर त्याच्या डोक्यावर राहिलेली, आम्हा दोघींच्या कानांना तो ठोका आता आवाजच वाटत नव्हता. दिवसभर बाहेर असणाऱ्या माणसाला तो ऐकू आला. छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढायची त्यांना सवय होती, ती अशी कामी आली.

झाले होते असे, की दर वेळी कुणाचे कान बघताना मावशी खाली काकांच्या मागे उभ्या राहत आणि वेळ झाली की त्यांच्या खांद्यावर हात ठेवत. या वेळी त्या वर खिडकीत होत्या. खिडकीतले फडके खिडकीच्या खाली बसलेल्या माणसाला दिसणार कसे? आणि काकांना कुणी ना कुणी सांगेल असे साऱ्या आळीने धरून चालले होते.

मावशींनी कपाळावर हात मारला आणि जिन्यावरून धडधडत खाली गेल्या.

ठोका थांबला.

आधी पोरीची गालाशी असलेली मूठ उघडली. मग डोळे उघडले, मोठे. तिने इकडेतिकडे पाहिले, जणू कुणीतरी खोलीतून उठून गेले होते. खालचा ओठ पुढे आला. आणि तिने असा टाहो फोडला की समोरच्या दुकानातली माणसे उठून दारात आली. पंचवटीत ती दुपारी का झोपत नव्हती, ते मला त्या क्षणी कळले. तिथे तिची हातोडी नव्हती. मी तिला उचलले आणि तिच्याबरोबर मीही रडले, तितक्याच मोठ्याने. आळीत ते चालत होते.

गुरुवारी टांगा आला आणि रिकामा परत गेला, हे सांगायला नकोच. सासूबाईंनी निरोपावर विश्वास ठेवला नाही. पर्वणी उरकल्यावर स्वतः आल्या, दोन दिवस राहिल्या, आणि जाताना जिन्यातून "जाते गं!" म्हणून ओरडल्या. उष्टावण मी आळीत केले, आणि पहिला घास मावशींनी भरवला. त्या खोलीत आम्ही पुढे अकरा वर्षे काढली. स्वस्त होती म्हणून राहिलो असे लोक म्हणत. मी त्यांना समजावण्याच्या भानगडीत पडले नाही.

पण मला सांगायचे आहे ते बुधवारचेच. पोर रडत होती आणि आळी थांबलेली होती. कुणी पुन्हा सुरुवात करीना, कारण पहिला ठोका काकांचा. काका मात्र ऐरणीवर नव्हते. ते जिना चढून वर येत होते. माडीवर ते कधी येत नसत. दारात थांबले, काळे हात धोतराला पुसत. आपल्या हातून काय चुकले ते मावशींनी त्यांना खुणेने सांगितले असावे, कारण त्यांचा चेहरा ओशाळलेला होता.

"रडती का?" त्यांनी मला विचारले. पोरीचे उघडे तोंड त्यांना दिसत होते. तरी विचारले.

मी मान हलवली. त्यांचे समाधान झाले नाही. ते जवळ आले, आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी आपला रुंद, चट्टे पडलेला तळवा माझ्या खांद्यावरच्या पोरीच्या पाठीवर ठेवला. डोळे मिटले. पोर हुंदके देत होती, तिची पाठ त्यांच्या हाताखाली हलत होती. सगळी आळी दारात उभी राहून त्यांच्या ठोक्याची वाट बघत होती. त्यांनी अजिबात घाई केली नाही.

"हां," ते म्हणाले. "लय मोठ्यानं रडती."

मग ते खाली गेले आणि ऐरणीवर बसले.